दहा ते सहा : पूर्व भागातल्या एका गल्लीचं प्रकरण

अर्ज चार ओळींचा होता. 'आमच्या घराला लागून असलेल्या कारखान्यात रात्रंदिवस माग चालतात. भिंत हादरते. सासूबाईंना झोप नाही, मुलगा दहावीला आहे. कृपया बंदोबस्त करावा.' खाली सही, मोबाइल नंबर आणि पोहोच म्हणून मारलेला गोल शिक्का. या चार ओळी मार्गी लागायला वर्ष उलटलं. त्यातले निम्मे महिने सगळे जण भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते. त्यात मीही होतो.

आधी एक खुलासा. मी परवानाधारक अभियंता आहे, सोलापुरात बांधकाम परवान्याच्या फायली करतो. माग आणि घर यांच्या भांडणाच्या तक्रारी इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की त्यातल्या तीन-चार एकत्र करून इथं एकच प्रकरण मांडतो आहे. गल्ली ओळखू येऊ नये म्हणून तपशील हलवले आहेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत. तक्रारदार शाळेत शिकवतात म्हणून गल्ली त्यांना 'बाई' म्हणते, कारखानदाराला 'अण्णा'. तेच इथंही ठेवतो. कायदा आणि त्यातले आकडे मात्र जसेच्या तसे.

गल्ली पूर्व भागातली. बाहेरच्या माणसाला सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. जुनी गिरणी १८७७ सालची, नंतर नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. त्या एकेक करून थांबल्या, चिमण्या आठवणीत राहिल्या. पण गिरणीच्या भोंग्याशी देणंघेणं नसलेलं एक विणकाम या शहरात आधीपासून होतं, ते घरातलं. तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं हातमाग घेऊन इथं आली आणि साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ, पुढे दत्तनगर, घोंगडे वस्ती अशी पसरत गेली. बाहेरच्या खोलीत माग, आतल्या खोलीत चूल. पुढे त्याच बाहेरच्या खोलीत विजेचा माग आला. एकाचे दोन झाले, दोनाचे चार, मग मागची पडवी पाडून शेड. चादर आणि टॉवेल याच शेडमधून देशभर गेले. घर एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे ही नियोजनाच्या नकाशातली कल्पना, मागाच्या घरात ती कधी शिरलीच नव्हती.

अण्णांचे आठ माग. चार साधे टॉवेलचे, चार जॅकार्डवाले, म्हणजे नक्षी विणणारी जोडणी बसवलेले, चादरीचे. वर घर, खाली कारखाना. सकाळी आठ ते रात्री आठ एक पाळी, रात्री आठ ते सकाळी आठ दुसरी. शेजारचा प्लॉट बरीच वर्षं मोकळा होता, तिथं बाभळी आणि गल्लीचा कचरा. बाईंच्या यजमानांनी तो घेतला, रीतसर परवाना काढून दुमजली घर बांधलं. बाजूला सोडायचं अंतर त्यांनी त्यांच्या बाजूनं सोडलं. अण्णांनी शेड बांधताना असलं काही सोडलं नव्हतं आणि त्यांची भिंत हद्दीवरच होती. नंतर बाईंनी त्या बोळात पत्रा टाकून स्वयंपाकघर वाढवलं आणि ओटा थेट अण्णांच्या भिंतीला टेकवला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अर्ज गेला झोनला. सोलापुरात 'झोन' या शब्दाचे दोन अर्थ चालतात आणि या प्रकरणात दोन्ही एकमेकांत अडकले. विभागीय कार्यालयाला लोक झोन म्हणतात: 'झोनला जाऊन या.' आणि विकास आराखड्यात जमिनीचा जो वापर ठरवलेला असतो, निवासी, वाणिज्य, औद्योगिक, तोही झोनच. बाईंनी झोनमध्ये जाऊन झोनचा दाखला मागितला तेव्हा समोरच्या लिपिकानं विचारलं, "कुठल्या झोनचा, बाई?" दाखला नगररचना विभागाकडून मिळाला. जागा निवासी. बाईंना वाटलं, जिंकलो. मलाही तसंच वाटलं. दाखला वाचून दाखवायला त्यांनी मलाच बोलावलं होतं, आणि 'निवासी भागात कारखाना म्हणजे सरळ बेकायदा' असं मी ओट्यावरचा चहा पीत ठणकावून सांगितलं.

ते अर्धवट होतं. मुंबईसारखे काही भाग सोडले तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात निवासी क्षेत्रातसुद्धा सेवा उद्योगांना जागा आहे. त्यावर विजेचा भार, कामगारांची संख्या आणि चटईक्षेत्र यांची मर्यादा आहे. शिवाय आराखडा येण्याआधीपासून कायदेशीरपणे चालत आलेला वापर नकाशावर रंग भरला म्हणून एका रात्रीत गुन्हा ठरत नाही. तो तसा चालत आला होता हे दाखवायची जबाबदारी मात्र चालवणाऱ्यावर. म्हणजे 'निवासी' हा शिक्का निकाल देत नाही, कागदांची झडती सुरू करतो.

नोटीस निघाली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली, अनधिकृत वापराबद्दल. अण्णा घाबरले नाहीत. पत्र्याची जुनी पेटी उघडून त्यांनी वडिलांच्या काळातल्या परवान्याच्या पावत्या, विजेची बिलं आणि बिगरनिवासी दरानं भरलेल्या घरपट्टीच्या पावत्या काढल्या. वकिलामार्फत उत्तर गेलं, जोडपत्रं बावीस. घरपट्टीच्या पावत्यांवर वकिलांचा भलताच जोर होता. खरं तर कर घेतला म्हणजे वापराला मान्यता दिली असं होत नाही. हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठाऊक असतं, तरी पावत्या जोडल्या जातातच. जुन्या परवान्यावर माग चार होते. आज आठ. म्हणजे चार जुने आणि चार वाढीव. कुठले चार वाढीव, हे सांगणार कोण? मागावर जन्मतारीख नसते.

इथं फाइल बसली.

मधल्या काळात बाई गप्प नव्हत्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात जाऊन आल्या. पोलीस ठाण्यात गेल्या, तिथं सांगितलं, कारखान्याचा विषय महापालिकेचा. झोनमध्ये गेल्या, तिथं सांगितलं, आवाजाचा विषय पोलिसांचा, नाहीतर प्रदूषण मंडळाचा. चीड येणं स्वाभाविक आहे, पण दोन्ही उत्तरं पूर्ण खोटी नव्हती. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये कारवाई करणारा 'प्राधिकारी' कोण, याच्या व्याख्येत जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त आणि पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी यांचा उल्लेख आहे. महापालिकेचं नाव तिथं येत नाही. महापालिकेवर त्याच नियमांनी टाकलेली जबाबदारी वेगळी: नियोजन करताना आवाजाचा विचार करा. कारखाना सुरू करायला आयुक्तांची परवानगी लागते ती महानगरपालिका अधिनियमाखाली. जमिनीचा वापर १९६६ च्या अधिनियमाखाली. एकच भिंत हादरत होती आणि तिच्यावर तीन कायदे, तीन टेबलं. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या कायद्यापुरता बरोबर होता.

गल्लीनं मग आपली पद्धत वापरली. अण्णांच्या समाजातले दोन वडीलधारे, बाईंचे दीर, एक माजी नगरसेवक आणि मी, असे मारुतीच्या पारावर बसलो. बाई म्हणाल्या, "अण्णा, तुमचं पोट मारायचं नाही हो मला. पण रात्री तरी?" अण्णा म्हणाले, "बाई, मिरवणूक निघते तवा आमची बी छाती हादरते. ते मोजाया कोण येतं? डीजे चालतो आणि माग चालत नाही, असं कसं?" पारावर हशा पिकला आणि मुद्दा निसटला. अण्णांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं. मिरवणूक दुसऱ्या गल्लीत जाते. माग जागचा हलत नाही.

तोड निघाली ती नेहमीची, अर्ध्यावर. रात्री आठाऐवजी चारच माग चालवायचे. सगळे उठले, सरबत झालं. चौथ्या दिवशी बाईंचा फोन: "काही फरक नाही. अण्णा फसवतात." अण्णा फसवत नव्हते. मी स्वतः रात्री जाऊन मोजलं, चारच चालू होते.

यामागचं गणित मला तेव्हाच आठवायला हवं होतं. डेसिबल ही साधी बेरीज-वजाबाकीची मोजपट्टी नाही. सारख्या आवाजाची दोन यंत्रं एकत्र चालली की आकडा फक्त ३ नं वाढतो, आणि निम्मी बंद केली की तेवढाच, ३ नंच, उतरतो. आवाज निम्मा झाला असं माणसाच्या कानाला वाटायला साधारण १० डेसिबलचा उतार लागतो. म्हणजे आठाचे चार करून अण्णांनी रात्रीचं निम्मं उत्पादन घालवलं आणि बाईंच्या पदरात पडला जेमतेम जाणवेल न जाणवेल असा फरक. दोघांनाही दुसरा लबाड वाटू लागला. अशा अर्ध्यावरच्या तोडग्यांनी बिघडलेले शेजार मी आणखीही पाहिलेत.

प्रकरण हललं ते एका कनिष्ठ अभियंत्यामुळे. नवा पोरगा, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. त्यानं बावीस जोडपत्रं बाजूला ठेवली आणि मूळ अर्ज पुन्हा वाचला. मला म्हणाला, "सर, बाईंनी आवाज येतो असं लिहिलेलंच नाही. भिंत हादरते असं लिहिलंय." मी अर्ज पाहिला. खरंच, 'आवाज' हा शब्द चार ओळींत कुठंच नव्हता. तो आम्ही सगळ्यांनी मनानं घातला होता.

संयुक्त पाहणी त्यानं रात्री ठेवली, अकरा वाजता. झोनचा तो, पोलीस ठाण्याचे एक फौजदार, मोजमापाचं यंत्र घेऊन आलेला तंत्रज्ञ, मी, अण्णा आणि अण्णांचा जॉबर. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याला बोलवा असं अभियंत्यानंच सुचवलं होतं. दिवसा घेतलेल्या मोजमापात रस्त्यावरच्या रिक्षा आणि टेम्पो इतके मिसळले होते की माग वेगळा काढता आला नव्हता. रात्री गल्ली शांत, तेव्हा आकडा स्पष्ट आला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे दहा ते सहा. ध्वनिप्रदूषण नियमांतल्या नियम ७ प्रमाणे मर्यादेच्या १० वर आवाज गेला की तक्रारीवर कारवाई करता येते, म्हणजे रात्री ५५. बाईंच्या गच्चीवर आकडा ४५ च्या वर होता, पण ५५ ला पोचत नव्हता. तंत्रज्ञानं यंत्र पिशवीत ठेवलं. अण्णांचा चेहरा खुलला.

अभियंता स्वयंपाकघरात गेला. बाईंना म्हणाला, "काकू, एक ताट द्या, पाणी घालून." स्टीलचं ताट ओट्यावर ठेवलं. पाण्यावर कडेपासून मधोमध गोल गोल रेघा उठत होत्या, एक विरायच्या आत दुसरी. मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. बाई म्हणाल्या, "हे असं रात्रभर. मी वाट्यांच्या मधे फडकं घालून ठेवते." मग ताट उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला, बैठकीत ठेवलं. पाणी जवळजवळ स्थिर. हवेतून येणारा आवाज दोन्हीकडे होता, थरथर फक्त ओट्याला.

जॉबर तोवर गप्प होता. तो ओट्यापाशी आला, भिंतीवर तळहात टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "हे टॉवेलचे माग न्हाईत, मालक. पाच आणि सहा नंबर. जॅकार्ड." पलीकडे जाऊन त्यानं पाच नंबर बंद केला. ताटातल्या रेघा विरळ झाल्या. सहा बंद केला. पाणी जवळजवळ निजलं, बाकीचे माग चालू असताना.

धोट्याच्या मागाचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: लाकडी धोटा मिनिटाला शंभरावर वेळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी धाडकन अडवला जातो. त्याला फेकणारा पिकर झिजला, गादी कडक झाली, पायाचे बोल्ट सैल झाले की ठोका लोखंडातून जमिनीत आणि जमिनीतून भिंतीत उतरतो. पाच आणि सहा नंबर भिंतीपासून वीतभर अंतरावर, पायाखाली काहीच नाही, थेट फरशीत बोल्ट. आणि त्या भिंतीला पलीकडून बाईंचा ओटा चिकटलेला. मधल्या बोळानं जे अडवायचं, त्या बोळावरच पत्रा होता. वाढीव बांधकाम दोन्हीकडे होतं. अभियंत्यानं ते पंचनाम्यात दोन्हीकडचं लिहिलं, तेव्हा बाई पहिल्यांदा गप्प झाल्या.

हा जॉबर काही बोलला नसता, तर माझ्या मते प्रकरण आजही वकिलांकडेच असतं. आणि तो आधी बोलला नाही, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

पुढचं हमीपत्रावर झालं. पाच आणि सहा नंबर शेडच्या आतल्या ओळीत गेले. सगळ्या मागांच्या पायाखाली रबराचे जाड तुकडे बसले, पिकर बदलले. भिंतीतली जुनी खिडकी विटांनी बुजवली. बाईंनी ओटा भिंतीपासून चार बोटं सोडून पुन्हा घातला, पत्रा काढून घेतला. नोटीस मागं घेतली गेली नाही. वाढीव मागांचा विषय नियमित करण्याच्या अर्जावर सोडला. त्या निमित्तानं अग्निशमनवाल्यांनीही शेड पाहिली. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. त्यानंतर खाली सूत आणि वर बिऱ्हाड अशी जागा पाहताना कुणाचीही नजर आधी जिन्याकडे जाते. अण्णांच्या जिन्यात सुताची पोती होती. ती त्याच दिवशी हलली.

अडलं ते दहा ते सहावर. वेळेची अट अभियंत्यानं हमीपत्रात घातली आणि अण्णा उठून उभे राहिले. त्यांच्या बाजूनं पाहा. दोन पाळ्या बारा-बारा तासांच्या, त्यातले आठ तास गेले की उत्पादनाचा तिसरा हिस्सा गेला. कर्जाचा हप्ता चोवीस तासांच्या हिशेबानं बांधलेला. कामगारांचं तर त्याहून बिकट: मजुरी नगावर. बारा तासांत जेवढे टॉवेल उतरतात तेवढे पैसे. रात्रपाळीचा एक कामगार, विडी घरकुल वसाहतीतून सायकलवर येणारा, मला म्हणाला, "साहेब, झोप त्यांची, पगार माझा." या माणसाची सही ना अर्जावर होती, ना हमीपत्रावर, ना पंचनाम्यावर. वस्तीतल्या उद्योगाच्या प्रत्येक वादात तो सापडतो आणि कुठल्याच कागदावर सापडत नाही.

सकाळी सहा ते रात्री दहा म्हणजे सोळा तास, आठ-आठ तासांच्या बरोबर दोन पाळ्या. बारा तासांची पाळी मुळातच जास्त होती, पण ते बोलून कुणाचं पोट भरत नाही. शेवटी असं ठरलं: चादरीचे जॅकार्ड रात्री पूर्ण बंद, साधे चार माग हंगामात बारापर्यंत. नियमात बसतं का? मोजमाप ५५ च्या खाली राहिलं तर नियम ७ ची कारवाई ओढवत नाही, पण ४५ ची मर्यादा मोडतेच. अभियंत्याला ते माहीत होतं. त्यानं हमीपत्रात 'बारा' हा आकडा येऊ दिला नाही. कागदावर दहाच आहे, बारा गल्लीच्या तोंडी. मला हे पसंत नव्हतं, अजूनही नाही. उद्या अण्णांचं आणि बाईंचं बिनसलं तर तोंडी बारा कोर्टात उभा राहणार नाही. पण त्या रात्री माझ्याकडे याहून बरं काही नव्हतं.

एक वाट कुणीच चोखाळली नाही. २००० च्या नियमांच्या परिशिष्टात टीप आहे, की संमिश्र वापराचा भाग सक्षम प्राधिकाऱ्याला चारांपैकी एका वर्गात जाहीर करता येतो: औद्योगिक, वाणिज्य, निवासी किंवा शांतता क्षेत्र. पूर्व भागातल्या कितीतरी गल्ल्या धड निवासी नाहीत आणि धड औद्योगिकही नाहीत. औद्योगिक म्हणाल तर रात्रीची मर्यादा ७०, तिथं पोरं कशी झोपणार? निवासी म्हणाल तर ४५, तिथं माग कसा चालणार? वाणिज्य म्हणून ५५ चा मधला खण उपलब्ध आहे, पण तो उघडायचा तर एकेका अर्जावर फाइल न चालवता अख्ख्या पेठेचा विचार करावा लागेल.

बाईंच्या ओट्यावर पाण्याचं ताट ठेवून मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा दिवाळीनंतर, पाणी शांत. दुसऱ्यांदा लग्नसराईत, रात्री पावणेबाराला, कडेला बारीक रेघ होती. बाईंनी वह्या तपासता तपासता ती पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. मुलगा दहावी होऊन अकरावीला गेला. सासूबाई बैठकीत झोपतात.

गेल्या महिन्यात अण्णांचा मुलगा माझ्याकडे आला. त्याला चिंचोळी एमआयडीसीत जागा बघायची आहे, बिनधोट्याचे माग घ्यायचे आहेत, इथली शेड रिकामी करायची आहे. बाईंना सांगितलं तर त्यांनी देवाला साखर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आणि शेडचं काय करणार?" मी म्हणालो, पोरगा छोटं मंगल कार्यालय काढू का विचारत होता, मी सांगितलंय, त्याला रस्त्याची रुंदी लागते, गाड्या लावायला जागा लागते, या गल्लीत परवानगी बसणार नाही.

बाईंनी वहीत लाल पेन अडकवलं. "परवानगी नाही, ते कळलं," त्या म्हणाल्या. "पण काढलंच, तर अर्ज कुठल्या झोनला द्यायचा?"